प्रश्न वाचकांचे : पुरात वैरण गेली, मदत कशाची मिळेल?

प्रश्न : आमच्या गोठ्यात तीन म्हशी आणि एक गाय आहे. पंचगंगेचे पाणी चार दिवस शेतात राहिल्याने पंधरा गुंठे वैरणीचा मका गाळाखाली गेला आणि गंजीतला कडबाही भिजला. पंचनाम्यात नोंद मात्र फक्त उसाची झाली. साखर कारखाने सुरू होईपर्यंत उसाचे वाडे (शेंड्याचा हिरवा पाला) मिळणार नाही आणि पेंडीचे पोते परवडत नाही. वैरणीसाठी सरकार रोख मदत देते का?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : वैरण विकत घेण्यासाठी पशुपालकाच्या हाती थेट रोख रक्कम देण्याची तरतूद केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत नाही. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या या निकषांत मोठ्या जनावरामागे दिवसाला 80 रुपये आणि लहान जनावरामागे 45 रुपये धरलेले आहेत, परंतु ते चारा छावणीतील जनावरांसाठी आहेत. गंजीतल्या भिजलेल्या कडब्यासाठी तर त्यांत वेगळी बाबच नाही.

आपल्या मक्याची गोष्ट निराळी आहे. वैरणीसाठी पेरलेला असला तरी तो शेतातले पीकच आहे आणि पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास बागायती क्षेत्राला याच निकषांनुसार हेक्टरी 17,000 रुपये, म्हणजे पंधरा गुंठ्यांना अडीच हजारांच्या आसपास मदत बसते. एवढ्या पैशांत चार जनावरांची दावण फार दिवस भरणार नाही, हे खरे. तरीही हक्क सोडू नये. आपल्याकडे ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरून करायच्या पिकांच्या नोंदीत, ऊस तेवढा आठवणीने नोंदवतात आणि कडेची वैरण राहून जाते. मग पंचनाम्याच्या वेळी ती कागदावर दिसतच नाही. आपली नोंद झालेली असेल तर तिचा उतारा आणि गाळात आडव्या पडलेल्या मक्याची छायाचित्रे जोडून तलाठी व तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

चारही जनावरांच्या कानांत बारा अंकी बिल्ले आहेत ना, हेही पाहावे. 2024 मध्ये राज्याने दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, तेव्हा बिल्ल्यांची नोंद मागितली गेली होती. ते अनुदान गायीच्या दुधापुरते होते; म्हशीच्या दुधावर उभ्या असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला त्याचा लाभ अर्धामुर्धाच झाला, असे आमचे मत आहे.

सध्याच्या अडचणीत पशुपालनासाठीचे किसान क्रेडिट कार्ड अधिक उपयोगी पडेल. यातून पेंड, पशुखाद्य आणि वैरणीचा चालू खर्च भागवता येतो. दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला 7 टक्के व्याज असून मुदतीत परतफेड केल्यास 3 टक्के सवलत मिळते, म्हणजे प्रत्यक्षात 4 टक्केच पडतात. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारणही लागत नाही. दूध संस्थेत नियमित दूध घालत असल्यास तेथील बिलाचे उतारे अर्जासोबत जोडावेत. मात्र सगळी रक्कम आत्ताच चढ्या दराच्या पेंडीत घालू नये. रब्बी ज्वारीची काढणी झाल्यावर कडबा स्वस्त असतो, त्या खरेदीसाठी काही रक्कम राखावी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास (हवाबंद मुरवून टिकवलेला हिरवा चारा) निर्मितीसाठी भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपये अनुदान आहे. चार जनावरांच्या गोठ्याला ते पेलणारे नाही, पण गावातील बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी त्यासाठी अर्ज करू शकते.

भिजलेल्या कडब्यापैकी बुरशी धरलेल्या पेंढ्या, कितीही जीव तुटला तरी, वाळवून पुन्हा दावणीत टाकू नयेत.