अगं, जोक होता तो!

या वेळी मेलबॉक्स उघडला तर चार पत्रं एकाच विषयावरची, बलात्कारावरच्या जोकबद्दलची, आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्दच आज जरा जपून वापरायला हवा) चौघंही चार वेगळ्या टोकांना उभे आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, सासूबाईंवाल्या पत्रलेखिकेने रागावू नये. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी ओळखीतल्याच एका माणसाने माझ्यावर जबरदस्ती केली. घरी कोणालाच माहीत नाही. मला वाटत होतं मी त्यातून बाहेर पडलेय, नोकरी करते, हसते खेळते, सगळं नॉर्मल. मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये जेवताना एक कलीग म्हणाला, बॉसने आज मीटिंगमध्ये रेपच केला आपला, सगळे हसले, मग दुसऱ्याने त्यावर अजून एक टाकला, बायकांच्या नाही म्हणण्यावरून. मी पण हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन बसले तर हात थांबेनात. तीन रात्री झोप नाही. त्यांचा राग येतोच पण जास्त राग माझा येतोय, मी का हसले? मी ओव्हररिअॅक्ट करतेय का?

उत्तर : नाही गं. आधी हसण्याचंच बघू, कारण तेच तुला जास्त खातंय.

त्या टेबलावर न हसणं म्हणजे काय झालं असतं? कोणीतरी तुझ्याकडे बघितलं असतं, 'हिला काय झालं, हिला का लागलं?' आणि सात वर्षं जे तू कोणाला सांगितलं नाहीस त्याच्या अगदी दारात तो प्रश्न येऊन उभा राहिला असता. तू हसलीस म्हणजे तुला ते पटलं असं नाही, तू लपलीस. धोका दिसला की शरीर पळतं, लढतं किंवा गोठतं, आणि माणसांच्या घोळक्यात असलं की चौथं पण करतं, सगळ्यांसारखं वागून मोकळं होतं. हे तू ठरवून केलेलं नाहीस. गोठण्याबद्दल स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये छापून आला, बलात्कारानंतर इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या २९८ बायकांपैकी ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी हातपाय हलेनात, आवाज फुटेना अशी अवस्था झाली होती. म्हणजे ज्या गोष्टीवरून जग विचारतं की 'मग ओरडली का नाहीस', तो निर्णय बहुतेकींच्या बाबतीत शरीराने परस्पर घेतलेला असतो. जेवणाच्या टेबलावरचं तुझं हसू त्याच जातीचं आहे. त्याला माफ करून टाक.

आता सात वर्षांनी का? आपल्याला वाटतं आठवण म्हणजे फोटो, जुना होत जाणार, पिवळा पडणार. पण ट्रॉमाची, म्हणजे मनावर बसलेल्या खोल आघाताची, आठवण तशी साठत नाही, तिच्यावर तारीखच नसते. मग एखादा वास, एखादा आवाज, एखादं वाक्य लागलं की मेंदूला ते 'तेव्हा झालं होतं' असं वाटतच नाही, 'आत्ता होतंय' वाटतं. हातांची थरथर, छातीची धडधड, झोप उडणं, हे सगळं त्यातलंच. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या अॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम या दोघा संशोधक बायकांनी बलात्कारानंतर बायकांच्या शरीरामनाचं काय होतं हे पहिल्यांदा नीट लिहून काढलं, त्याआधी असल्या लक्षणांना सरळ 'बाई हळवी आहे' म्हणून मोडीत काढायचे. पुढे १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान म्हणून आलं. १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात घटनेनंतर साधारण बारा दिवसांनी ९४ टक्के बायकांमध्ये ही लक्षणं सापडली आणि तीन महिन्यांनीही ४७ टक्क्यांमध्ये ती होतीच. म्हणजे बऱ्याच जणी सावरतात हे खरं, आणि सावरलेल्या माणसाला पण मधेच एखादा धक्का बसतो हेही खरं. तू मागे गेलेली नाहीस, एका ठिकाणी ठेच लागली एवढंच.

आणि त्या दोन जोकमध्ये फरक आहे बरं का. पहिला नुसता निष्काळजी, म्हणजे मीटिंग वाईट गेली, पेपर अवघड गेला, मॅच हरलो, सगळ्याला एकच शब्द वापरायचा, तो शब्द इतका स्वस्त करायचा की ज्याच्यावर खरंच ते झालंय त्याला सांगायला शब्दच उरत नाही. दुसरा मात्र थेट त्या माणसाच्या तोंडचा आहे. 'नाही म्हणजे खरं नाही नसतंच' हे वाक्य जबरदस्ती करणारा स्वतःला समजावताना वापरतो, तुझ्या त्या माणसाने पण कदाचित हेच काहीतरी म्हटलं असेल. ते अख्खं टेबल हसतंय म्हटल्यावर तुला काय ऐकू आलं असेल याची मला कल्पना आहे. तुला ऐकू आलं की सांगितलं असतं तर हे लोक कोणाच्या बाजूने असते.

खरं नुकसान मला तरी तिथे दिसतं. थरथर जाते, झोप येते. पण सर्व्हायव्हर माणूस, म्हणजे असं काही सोसून त्यातून तगलेला, आयुष्यभर एक गुपचूप यादी करत असतो, कोणाला सांगता येईल आणि कोणाला नाही. त्या दिवशी तुझ्या यादीतून एका झटक्यात पाच सहा जण गेले असतील आणि त्यातल्या एकालाही ते कळलेलं नाही.

आता काय करायचं. पुन्हा असं झालं तर उठून जायला कारण द्यावं लागत नाही, फोन कानाला लाव आणि नीघ. पाय जमिनीवर घट्ट टेक, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मनात घे, आजची तारीख स्वतःला सांग, वेडेपणा वाटेल पण मेंदूला 'आत्ता' म्हणजे कुठलं हे दाखवायचा तो साधा मार्ग आहे. तोंड उघडावंसं वाटलंच तर 'मला नाही आवडत असले जोक' एवढं पुरे, पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही, असं म्हणायला सर्व्हायव्हर असावं लागत नाही, त्यामुळे कोणी काही ताडेल ही भीती नको. आणि नाही बोलवलं तर नको बोलूस, त्या लोकांना शहाणं करायची ड्युटी तुझी नाही. झोप अजून आली नसेल तर ट्रॉमाचं काम येणाऱ्या थेरपिस्टला भेट. ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणीवर काम करणारी थेरपी) या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी सुचवल्यात. पहिल्याच भेटीत सगळं सांगायचं नसतं हेही आधीच सांगून ठेवते, कारण त्या भीतीनेच कितीतरी जणी जात नाहीत.

प्रश्न : नमस्कार. वय ३८. भावंडांच्या ग्रुपवर मी एक फॉरवर्ड टाकला, बलात्कारावरचाच होता, मी नीट वाचला पण नव्हता, हसणारे इमोजी दिसले म्हणून ढकलला. माझी मामेबहीण ग्रुप सोडून गेली. मी मस्करीत मेसेज केला की एवढं काय अगं जोक होता तो. तिचं उत्तर आलं, 'दादा, तुला सांगायचं कित्येक वर्षं मनात होतं. आता नाही सांगणार.' तेव्हापासून मला जेवण जात नाही. तिच्यासोबत काही झालंय का हे विचारू का? माझा हेतू तसा नव्हता. आणि एक खरंच विचारतो, जोकमुळे कोणी बलात्कारी होतं का?

उत्तर : विचारू नका. आत्ता तर अजिबातच नाही. तुमची बेचैनी मी समजू शकते पण आज तुम्ही विचारलंत तर ते तुमच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून असेल, आणि सांगायचं की नाही, कधी, किती, हे ठरवणं एवढं एकच तिच्या हातात उरलेलं आहे, तेवढं तरी राहू द्या.

माफी मात्र मागा, आणि माफीत 'पण' नको. 'हेतू नव्हता' हे पण नको, कारण ते वाक्य तुमच्याबद्दलचं आहे, तिच्याबद्दलचं नाही. साधं लिहा, की मी टाकलं ते घाणेरडं होतं, वर तुलाच 'एवढं काय' म्हणालो ते त्याहून वाईट होतं, चूक माझी आहे, तू उत्तर द्यायची गरज नाही, कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन. बस. उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज नको, दोन निळ्या टिका बघत बसू पण नका.

मग ग्रुपवर पण लिहा, तिचं नाव न घेता. 'मी परवा टाकलेला जोक टाकायला नको होता, काढून टाकलाय, पुढे असलं काही आलं तर मी बोलणार आहे.' थोडी टिंगल होईल, एखादा काका 'आता हसायचं पण नाही का' म्हणेल, होऊ द्या. कारण जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज असा आहे की जगात दर तीनपैकी जवळपास एका बाईने आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा किंवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. तुमच्या ग्रुपमध्ये किती बायका आहेत ते मोजा एकदा. मामेबहीण निघून गेली म्हणून दिसली, न जाता गप्प बसलेल्यांचं काय?

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर. नाही, जोक वाचून सज्जन माणूस उठून गुन्हा करत नाही, असं कोणी शहाणं माणूस म्हणतही नाही. जोकचं काम वेगळं असतं. थॉमस फोर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात पुरुषांना बायकांना कमी लेखणारे जोक दिले आणि मग विचारलं की बायकांच्या एका संस्थेला किती पैसे द्याल. ज्यांच्या मनात बायकांबद्दल मुळात आकस होता त्यांनी जोकनंतर हात आखडता घेतला. आणि मजा बघा, तोच कमीपणा सरळ वाक्यात, जोक न करता वाचायला दिला तेव्हा तसं झालं नाही. सरळ बोललेलं माणसाला खटकतं, हसत हसत बोललेलं आत सरकतं आणि कुंपण मोडून जातं. ब्रिटनमधल्या २००७ च्या एका अभ्यासात तर असे जोक दिलेल्या पुरुषांनी, ओळखीतल्या बाईवरच्या जबरदस्तीचा प्रसंग वाचून, 'मी असतो तर कदाचित मी पण' याकडे जास्त झुकणारी उत्तरं दिली. ही कागदावरची उत्तरं आहेत, प्रत्यक्षातले गुन्हे नाहीत, तेवढं जपूनच वाचायचं. पण तुमच्या ग्रुपवर हसणारा इमोजी टाकणाऱ्या वीस जणांत एक जण असा असू शकतो ज्याने कधीतरी काहीतरी केलंय, आणि त्याला त्या दिवशी कळलं की इथे सगळे आपलेच आहेत. तुमच्या बहिणीलाही तेच कळलं.

प्रश्न : मी मुलगा आहे, २४. कॉलेजच्या होस्टेलवर सीनियरने माझ्यासोबत केलं. मित्र जेलमधल्या साबणाचे जोक मारतात, मी मरमर हसतो. मुलांसोबत झालं की ते कॉमेडी का होतं?

उत्तर : कारण पुरुष म्हणजे ज्याला काही होऊच शकत नाही असं आपण ठरवून ठेवलंय, आणि ठरवलेल्याला तडा गेला की लोक घाबरून हसतात. तो साबणाचा जोक (जेलमध्ये पडलेला साबण उचलायला वाकलास की बलात्कार होईल, असा) तर अजूनच वाईट, कारण त्यात बलात्कार ही शिक्षा म्हणून मान्य केलेली असते, 'गुन्हेगारच आहे ना, मग होऊ दे'. तू गुन्हेगार नव्हतास रे. आणि जेलमधल्याही कोणाला ती शिक्षा झालेली नसते.

तू विचारलं नाहीस पण मुलं हे कधीच विचारत नाहीत म्हणून सांगते. त्या वेळी शरीराने काही प्रतिसाद दिला असेल तर तो होकार नाही. स्पर्शाला शरीर भीतीतही प्रतिसाद देतं, गुदगुल्या नको असताना पण हसू येतं तसं. या एका गोष्टीच्या लाजेपायी पुरुष वर्षानुवर्षं गप्प बसतात. मित्रांपैकी जो त्या जोकवर हसत नाही, किंवा विषय बदलतो, त्याच्यावर जरा लक्ष ठेव. सांगायचंच झालं तर तो. आणि थेरपिस्टकडे गेलास तर पहिलं वाक्य पाठ करून जा, 'माझ्यासोबत एका पुरुषाने जबरदस्ती केली', कारण ते पहिलं वाक्यच जड असतं.

प्रश्न : ताई, मी सर्व्हायव्हर आहे आणि ओपन माइकला (कोणीही स्टेजवर येऊन सादर करू शकतं त्या कार्यक्रमाला) त्यावरच कॉमेडी करते. मला त्याने बरं वाटतं. मैत्रीण म्हणते तू केलेलं चालतं मग बाकीच्यांचं का नाही, हा दुटप्पीपणा आहे. आहे का?

उत्तर : मैत्रिणीला सांग, जोकमध्ये कोण आपटतंय ते बघ. तू बहुतेक त्या नातेवाइकांवर करत असशील जे 'कपडे कुठले होते' विचारतात, त्या माणसावर करत असशील ज्याने नंतर तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, स्वतःच्या त्या विचित्र सवयींवर करत असशील, तीनदा कडी तपासणं वगैरे. तिथे हसणाऱ्याला सत्ता कोणाकडे होती हे माहीत असतं आणि हसू त्या सत्तेच्या विरोधात जातं. दुसऱ्या जातीच्या जोकमध्ये पडलेल्यालाच लाथ असते. विषय एकच असला तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विषयावर बंदी कोणी मागतच नाहीये. तू सर्व्हायव्हर आहेस म्हणून तुझा प्रत्येक जोक आपोआप बरोबर होतो असं मात्र मी म्हणणार नाही, तुझाही एखादा चुकून समोरच्या कोणाच्या जखमेवर बसू शकतो.

म्हणून एकच कर. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगत जा की आज मी कशावर बोलणार आहे, पंचलाइन फुटत नाही त्याने, काळजी करू नको. आणि मधूनच कोणी उठून बाहेर गेलं, तर कॉमेडियन लोक उठणाऱ्यावर कॉमेंट मारतात ना, ती मारू नकोस, जाऊ दे त्यांना.