"माझं कोण ऐकतंय वो मॅडम?"

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या वीज खात्यातल्या मुलांची एक काळजी ठरलेली. वर्षानुवर्षं खांबावर काढली, आता सेफ्टीच्या कामात पुढं जावंसं वाटतं, साहेबही 'तू घे' म्हणतात. पण धीर होत नाही. "शिक्षण आयटीआय, शाळा मराठी, रिपोर्ट कन्नडात. माझं कोण ऐकतंय वो मॅडम?"

त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

कन्नडचं कारण लवकर गळालं. लाइट गेली की गावकऱ्यांची समजूत हा गडी रोज कन्नडातच घालतो. मग खरं बाहेर आलं. "गँगमधले दोस्त आहेत वो. उद्या त्यांनाच सेफ्टी बेल्ट का नाही विचारलं, तर साहेबाचा चमचा म्हणतील."

"त्यांच्या मनाविरुद्ध कधी काही केलंत?"

"नाही." थोड्या वेळानं, "एकदा."

पावसात झाड पडून 11 केव्हीची तार तुटलेली. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याची परवानगी, मिळाली होती, सगळे म्हणाले चढ. हे अडून बसले : आधी डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतला करंट जमिनीत सोडणारी दांडी, मग शिडी. बंद लाइनवरही कुणाच्या जनरेटरचा करंट टीसीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा चढू शकतो. सगळ्यांना ठाऊक असतं, पण पावसात घाई जिंकते.

"मग?"

"काय नाही. लाइन मेलेलीच होती. सगळे हसाय लागले, वेळ घालवलास म्हणून."

"पुढच्या वेळी?"

"लावला की रॉड."

"हसले?"

"हसले." आणि ते गप्प झाले. मीही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं मला बऱ्यापैकी जमतं. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे हसले तरी माझा हात थांबला नाही."

हेच हवं होतं. माणसाला लोकांचं हसणं अडवत नाही, 'कुणी हसताच कामा नये' हा हट्ट अडवतो, असं मानणाऱ्यांतली मी. रॉड लावल्यावर ठिणगी उडाली असती तर ते हिरो झाले असते. काहीच घडलं नाही, तरी पुन्हा लावला. सेफ्टीतल्या माणसाचं बहुतेक काम असंच, न घडलेल्या अपघातांचं. त्याला टाळ्या नसतात.

सेफ्टीत जावंसं वाटणाऱ्यांनी धीर आणि पात्रता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पात्रतेचा रस्ता कागदावर आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांपासून वीज कंपन्यांना विद्युत सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, पण त्या पदाला अभियांत्रिकीचं शिक्षण लागतं. आयटीआयवाल्याला पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नोकरी सांभाळून करायचं तर संध्याकाळचे वर्ग आणि खात्याची परवानगी आधी बघा. तोवर सकाळी गँग निघण्याआधी पाच मिनिटं बोलायला सुरुवात करा, आणि थोडक्यात टळलेला एखादा प्रसंग कन्नडात लिहून काढा.

हे गृहस्थ आता डिप्लोमाच्या मागे आहेत. दोस्त 'साहेब' म्हणून चिडवतात, त्याचं काही वाटत नाही म्हणे. सध्या तक्रार गणिताची आहे. तिथं माझा उपयोग नाही, शिकवणी लावा म्हटलं.