तलंगा दांडीवर का बसत नाहीत?

प्रश्न : आमच्याकडे ९ आठवड्यांच्या ११ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत. ब्रूडरमधून (पिल्लांना ऊब देण्याच्या पेटीतून) काढून त्यांना खुराड्यात आणल्याला पंधरा दिवस झाले. खुराड्यात कंबरेइतक्या उंचीवर एक लोखंडी नळी आडवी बसवली आहे. दिवसा एखाददुसरी तिच्यावर उडी मारते. पण अंधार पडला की बहुतेक जणी कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून झोपतात आणि दोघी-तिघी अंडी घालण्याच्या खोक्यात शिरतात. त्यांना दांडीवर बसण्याची सवय कशी लावावी?

उत्तर : उंचावर बसून झोपण्याची ओढ कोंबडीत उपजतच असते, रानकोंबड्या आजही रात्री झाडाच्या फांदीवरच बसतात. आईबरोबर वाढलेली पिल्ले तिच्या मागोमाग वर चढायला शिकतात. ब्रूडरमधल्या पिल्लांना मात्र वाट दाखवणारे कोणी नसते आणि ऊब म्हणजे जमीन व शेजारणीचे अंग एवढेच त्यांना ठाऊक असते. तुमच्या तलंगा कोपऱ्यात ढीग करतात तो याच सवयीने.

या ढिगाकडे आधी लक्ष द्यावे, कारण त्यात खाली सापडलेली तलंग गुदमरून मरू शकते. दांडीची सवय महिनाभर उशिरा लागली तरी फारसे बिघडत नाही. कोपरा मात्र आजच एखादी फळी तिरपी लावून बुजवावा. खोक्यांची तोंडेही बंद करावीत आणि साधारण १८ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असताना, ती पुन्हा उघडावीत. खोक्यात झोपायची सवय एकदा लागली की पुढे अंडी रोज शिटेने माखलेली मिळतात.

आता त्या नळीविषयी. ती गुळगुळीत आहे, थंडीत गार पडते आणि नवख्या पायांना तिच्यावर पकड मिळत नाही. तिच्याऐवजी ४ ते ५ सेंटीमीटर रुंदीची, वरून सपाट आणि कडा पॉलिश पेपरने गोलसर केलेली लाकडी पट्टी घ्यावी. लहान वयात छातीचे हाड मऊ असते आणि बसलेल्या पक्ष्याचा भार त्यावर येतो, म्हणूनही अरुंद दांडीपेक्षा रुंद बरी. पट्टी पक्की ठोकलेली असावी. एकीने उडी मारताच ती हलली, तर आधी बसलेल्याही खाली उतरतात. एका तलंगेला २० ते २५ सेंटीमीटर जागा धरली, तर ११ जणींना सुमारे अडीच मीटर लांबी लागेल. एवढी सलग जागा नसेल, तर दोन दांड्या कराव्यात : पहिली जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आणि दुसरी ६० सेंटीमीटरवर, पण पहिलीच्या बरोबर वर नको, ३० सेंटीमीटर मागे सरकवून, म्हणजे वरच्यांची शीट खालच्यांच्या पाठीवर पडणार नाही. वरची दांडी खोक्यांपेक्षा उंच असणे महत्त्वाचे आहे, कारण कोंबडी झोपण्यासाठी सर्वांत उंच जागा शोधते आणि ती जागा खोक्यांची निघाली, तर ती तिथेच जाणार.

एवढे झाल्यावर थोडे हाताने शिकवावे लागते. पूर्ण अंधार पडून तलंगा शांत झाल्यावर मंद बॅटरी घेऊन जावे. एकेकीला दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून उचलावे, तिचे पाय दांडीवर टेकवावेत आणि बोटांनी लाकूड धरल्याचे जाणवले की मगच हात सावकाश काढावेत. घाईने हात काढला तर ती फडफडून खाली येते आणि बाकीच्यांनाही बिथरवते. भिंतीकडच्या टोकापासून सुरुवात करून दुसरीला पहिलीच्या अंगाला अंग लागेल अशी बसवावी. ढिगातली ऊब आणि सोबत तिला वरही मिळाली, तर ती तिथे राहते. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नसल्याने ती सहसा खाली उतरण्याचे धाडस करत नाही. पाचवीला बसवेपर्यंत दुसरी खाली दिसली, तर आपण उजेड असतानाच गेलो असे समजावे (माझ्याकडून ही चूक अजूनही होते) आणि अर्ध्या तासाने पुन्हा जावे. खुराड्यात रात्रभर दिवा ठेवू नये.

हे रोज, न चुकता करावे. बहुतेक तलंगा आठवडाभरात आपणहून चढू लागतात, एखादी हट्टी दोन-तीन आठवडे घेते. मोठ्या कोंबड्या त्याच खुराड्यात असतील, तर त्या नवख्यांना चोची मारून दांडीवरून हुसकावतात. अशा वेळी तलंगांसाठी वेगळी दांडी हवीच. अंगाने जड असलेले मांसल पक्षी वर चढत नाहीत म्हणून त्यांच्या मागे लागू नये. त्यांना कोरड्या, जाड भुशावर झोपू द्यावे.

प्रश्न : आमच्या कोंबड्या वर्षभर व्यवस्थित दांडीवर बसत होत्या. गेल्या आठ दिवसांपासून मात्र त्या तिन्हीसांजेला खुराड्यात शिरायलाच तयार नसतात. असे का व्हावे?

उत्तर : आधी लाल माइटचा संशय घ्यावा. हे बारीक किडे दिवसा दांडीच्या टोकांशी असलेल्या फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचे रक्त पितात. अंधार पडून दोन तास झाल्यावर दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद दाबून फिरवावा. त्यावर लाल डाग उमटले, तर खात्री झाली. दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुवाव्यात, फटी बुजवाव्यात आणि औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे. किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे बाहेर येत असल्याने आठवड्याने हीच सफाई पुन्हा करावी लागते. कोंबड्या हलवून खुराडे काही दिवस रिकामे ठेवण्याचा उपयोग होत नाही, कारण हे किडे कित्येक महिने उपाशी राहू शकतात.