एकच लाइन धरा, ताई

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा कंपनीच्या कामावर योकोहामाला आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. त्याला सुट्टी मिळणार ती एकच, रविवारची. त्या दिवशी टोकियो दाखवतो म्हणतो. यजमानांनी मोबाइलवर बघून यादी केली आहे : आसाकुसाचं देऊळ, स्कायट्री, उएनो, आकिहाबारा, राजवाडा, गिंझा, टोकियो टॉवर, मेइजी मंदिर, शिंजुकू, शिबुया आणि जमलं तर फुजी पर्वत. एवढं एका दिवसात होईल का? यजमान 66 वर्षांचे आहेत. डावा गुडघा दुखतो, पण कबूल करत नाहीत. आम्ही शाकाहारी. घरी वखारीचा व्यापार, हिशेबाने चालायची सवय आहे, तेव्हा हिशेब मांडून द्यावा.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, यादी दोनदा वाचली. फुजी टोकियोत नाही, हे यजमानांना आधी सांगा. तो शंभरेक किलोमीटर लांब आहे. बेळगावला बाजाराला आलोच आहे तर जाता जाता पणजी करून येतो म्हटल्यासारखं झालं ते. हवा स्वच्छ असली तर योकोहामातूनच सकाळी लांबून दिसतो, तेवढ्यावर भागवा.

उरली दहा ठिकाणं. अशीच नऊ ठिकाणांची यादी खिशात घालून मीही एका रविवारी टोकियोत उतरलो होतो. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतला माणूस. मशीनच्या ट्रायलसाठी कावासाकीला गेलो होतो, आणि महिना तुमचाच, नोव्हेंबर. सकाळ बरी गेली. दुपारी गाडी बदलायला म्हणून शिंजुकूला उतरलो आणि तिथेच दिवस बुडाला. त्या स्टेशनात रोज 35 लाखांच्या घरात माणसं ये-जा करतात, बाहेर पडायची दारं दोनशेच्या वर. मी नको त्या दाराने बाहेर पडलो, परत आत शिरलो, जिना चढलो, बोगदा चाललो आणि पाऊण तासाने पुन्हा त्याच कॉफीच्या दुकानासमोर उभा. आमच्या टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो तर निदान गाडी जाताना तरी दिसते. मेइजी मंदिराशी पोचलो तेव्हा रखवालदार नमस्कार करून दार लावत होता. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे साडेचारला सूर्य मावळतो आणि ते देऊळ सूर्यास्ताबरोबर बंद होतं. यादीतली तीन झाली, सहा राहिली.

म्हणून हिशेब ठिकाणांचा मांडू नका, गाड्या बदलण्याचा मांडा. दोन स्टेशनांमधली दहा मिनिटं कुणालाच जड नाहीत. दिवस खातं ते स्टेशनाच्या पोटातलं चालणं, आणि गुडघाही तेच खातं. एकच लाइन धरा आणि संध्याकाळपर्यंत सोडू नका. ती लाइन म्हणजे गिंझा लाइन. आशियातली पहिली भुयारी रेल्वे ती, 1927 साली आसाकुसा ते उएनो एवढीच सुरू झाली. आज आसाकुसापासून शिबुयापर्यंत 19 स्टेशनं, सलग बसलात तर अर्ध्या तासाच्या थोडं वर. डबे पिवळे, चुकायचं कारण नाही. गंमत बघा, योकोहामाहून केइक्यू कंपनीची गाडी न बदलता आसाकुसापर्यंत जाते (सगळ्या जात नाहीत, मुलाला बघायला सांगा) आणि शिबुयाहून तोयोको लाइन सरळ योकोहामाला परत आणते. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर.

सातच्या आसपास निघा, आठला आसाकुसा. सेन्सो-जीचं मुख्य देऊळ हिवाळ्यात सकाळी साडेसहाला उघडतं. समोरच्या नाकामिसे गल्लीतली दुकानं नऊ-दहाशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे तोवर वाट मोकळी असते. वेशीवर लाल कागदी कंदील आहे, जवळजवळ चार मीटर उंच, सातशे किलोचा. मूळ वेस 1865 च्या आगीत गेली. आजची 1960 साली मात्सुशिता शेठजींनी बांधून दिली. पॅनासॉनिक म्हणतो ना आपण, ती यांचीच कंपनी. कंदिलाच्या खालच्या धातूच्या पट्टीवर कंपनीचं नाव आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं तसंच. देऊळ मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात जळालं, 1958 मध्ये सिमेंट-लोखंडात पुन्हा उभं राहिलं. आता वर बघा. छपराची कौलं मातीची वाटतात ना? टायटॅनियमची आहेत, 2010 मध्ये बसवली. वजन कमी म्हणून भूकंपात भार कमी. मी तिथे मान वर करून दहा मिनिटं उभा होतो. बरोबरच्या जपानी इंजिनिअरला वाटलं, माझी फार श्रद्धा आहे.

स्कायट्रीचं तिकीट काढू नका. नदीवरच्या पुलावर गेलात की 634 मीटरचा तो मनोरा सबंध दिसतो, फुकट.

आता जे तुमच्या यादीत नाही ते. सेन्सो-जीपासून दहा-बारा मिनिटांवर, नदीच्या बाजूला एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. शोदेन म्हणजे आपला गणपती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेला आणि तिकडे कांगितेन झाला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, झाकलेली असते, तेव्हा सोंड बघायच्या आशेने जाऊ नका. त्याला नैवेद्य कशाचा, तर मुळ्याचा. चांगला हातभर पांढरा मुळा, देवळातच विकत मिळतो. भिंतीवर, पायरीवर जिथे तिथे दोन मुळे एकमेकांत गुंतलेले कोरलेत, ते घरातल्या सलोख्यासाठी. शेजारी पैशांची थैली, ती धंद्यासाठी. वखारीच्या माणसाला आणखी काय पाहिजे! आमच्या गणपत गल्लीत वाढलेल्या मला मोदकाच्या जागी मुळा बघून आधी हसू आलं, खरं एक म्हातारी दोन्ही हातांत मुळा धरून डोळे मिटून उभी होती, तिच्याकडे बघून मीही मुकाट्याने एक घेतला. यजमानांना सांगा, टेकाडावर जायला रुळावरून सरकणारा छोटा डबा आहे. गुडघ्यासाठी म्हणू नका, गंमत म्हणून बसू या म्हणा.

उएनोला उतरलात तर शिनोबाझु तळ्यातलं बेंतेनचं देऊळ तेवढं करा. बेंतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेच्या जागी बिवा. तळ्यातली कमळं नोव्हेंबरात सुकलेली असतील. आकिहाबारा, राजवाडा, टोकियो टॉवर आणि शिंजुकू यांवर काट मारली आहे, रागावू नका. गिंझाला दुपारी बारानंतर उतरा, कारण शनिवार-रविवारी मोठा रस्ता संध्याकाळपर्यंत गाड्यांना बंद असतो आणि भर रस्त्याच्या मधून चालता येतं. अर्धा तास पुरे. काचेतल्या वस्तूंची किंमत यजमानांनी रुपयांत करून बघू नये.

मग ओमोतेसांदो. इथून पंधरा मिनिटं चालत गेलं की मेइजी मंदिराचं रान लागतं. अडीचपर्यंत तिथे पोचा. सम्राट मेइजींच्या नावाने 1920 मध्ये हे देऊळ झालं. सत्तर हेक्टरची ती झाडी आपोआप उगवलेली नाही. देशभरातून लोकांनी लाखभर रोपं पाठवली आणि ती हाताने लावली. 15 नोव्हेंबरच्या आगेमागे तीन, पाच आणि सात वर्षांच्या पोरांना किमोनो घालून देवाला आणतात. एक चिमुरडी लाकडी खडावांवरून फरपटत चालली होती. आजी मागून पदर सावरावा तसा तिचा पट्टा सावरत होती. वाट मात्र खडीची आहे. गुडघा बोलायला लागला असेल तर हे सोडा आणि एक स्टेशन अलीकडे गाइएन्माएला उतरा. तिथे गिंकोच्या झाडांच्या चार रांगा आहेत, नोव्हेंबरअखेर हळदीसारख्या पिवळ्या. बाकावर बसून बघता येतात.

शेवट शिबुया. भुयारातली गाडी इथे एकदम वर निघते आणि तिसऱ्या मजल्यावर थांबते, कारण शिबुया दरीत आहे. खाली हाचिको कुत्र्याचा पुतळा. मालक 1925 साली वारला, तरी हा 1935 पर्यंत, मरेपर्यंत, स्टेशनावर वाट बघत राहिला. पहिला पुतळा त्याच्या हयातीतच, 1934 मध्ये ओतला होता. युद्धात धातूसाठी तो वितळवला. आताचा 1948 चा, पहिल्या शिल्पकाराच्या मुलाने केलेला. आयुष्यभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस मी, पण पुतळा वितळवायचं काम माझ्या वाट्याला आलं नाही, बरं झालं. पुढे तो चौक, सगळ्या बाजूंचे सिग्नल एकदम सुटतात आणि शेकडो माणसं एकमेकांत न आपटता निघून जातात. अंधार पडल्यावरच बघा. परतीची तोयोको लाइन जमिनीखाली पाचव्या मजल्यावर आहे, तेव्हा लिफ्ट शोधा.

जेवणाचं : तिकडे पाण्यात माशाचा अर्क असतो असंच समजा. नूडल्सच्या रश्श्यात, सूपमध्ये, भाजीतसुद्धा. ‘नो मीट’ म्हटलं तरी तो राहतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या. बाकी थंडीत तिथे भाजलेली रताळी मिळतात, सुपरमार्केटात गरम गरम. बेळगावच्या माणसाला रताळ्याचं कौतुक काय सांगायचं, पण ती मधासारखी गोड असतात हे मान्य करावं लागतं. चालता चालता खाऊ नका. साल आणि कागद टाकायला रस्त्यात पेटी सापडत नाही, पिशवी जवळ असू द्या.

प्रश्न : जपानी अक्षर ओळखत नाही, इंग्रजी जेमतेम. एकटीला टोकियोच्या रेल्वेत फिरता येईल का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : येईल की. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाला एक अक्षर आणि एक आकडा आहे. गिंझा लाइनचं अक्षर जी : आसाकुसा 19, उएनो 16, गिंझा 9, शिबुया 1. शिबुयाकडे जाताना आकडा कमी होत गेला म्हणजे तुझी दिशा बरोबर. पाट्यांवर जपानी, इंग्रजी, बऱ्याच ठिकाणी चिनी आणि कोरियनही, चारही एकाच पाटीवर. आपल्या भागातल्या माणसाला हे बघून जरा वेळ लागतो. गर्दी असली तरी ‘मुंद होग्री’ (पुढे सरका) म्हणून कानडीत ओरडणारा कंडक्टर नाही, रांगेत उभी राहा. एवढंच कर, स्टेशनात शिरताना दाराच्या नंबराचा फोटो काढून ठेव. मी काढला नव्हता.