भाऊ तळोजा कारागृहात आहे, मानसिक आजाराच्या गोळ्या बंद झाल्यात. काय करावं?

आजच अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, एक प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स जोडा. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली ते लिहा. ही तारीख फार महत्त्वाची. उदाहरणार्थ, क्लोझापिन या गंभीर मानसिक आजारावरच्या औषधात ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस थेट देणं धोक्याचं असतं, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो.

भाऊ जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला असेल तर तेही स्पष्ट लिहा, लाजू नका.

दाद मिळाली नाही तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०३. गरज असल्यास ठाण्याच्या मनोरुग्णालयात हलवण्याची मागणी त्यातच करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.