बाकी लिही

प्रिय मुली,

१/७ च्या दशांशात पुन्हा पुन्हा येणाऱ्या १४२८५७ ला २ पासून ६ पर्यंत कशानेही गुणलं तरी तेच अंक फेर धरून येतात आणि ७ ने गुणलं की ९९९९९९, हे तू दोन पानं भरून कळवलंस. मग १/१३ घेतलास, ०७६९२३ ची दुप्पट १५३८४६ निघाली, आणि लगेच निकाल दिलास: "म्हणजे ७ चं सगळं योगायोगच, सर." इथे मात्र मी चिडलो. अगं, भागाकार केलास, पण बाकी कुठे लिहिलीस?

बाकी लिही. १ ला ७ ने भागताना बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडून सहाच शक्य, सहाही हजर. २/७ काढताना तू त्याच रांगेत २ पाशी शिरतेस, म्हणून २८५७१४. आता १३: १, १०, ९, १२, ३, ४, की परत १. उरलेल्या २, ७, ५, ११, ६, ८ यांची वेगळी फेरी. म्हणून दुप्पट केल्यावर अंक बदलले. ३ ने गुणून बघ, २३०७६९ येईल, जुन्याच फेरीतलं. ३ पहिल्या रांगेत आहे ना! योगायोग कसला?

वर्गात बाकी न लिहिलेला भागाकार मी कधी तपासलाच नाही. पालक म्हणायचे, सर, स्पर्धा परीक्षेत एवढा वेळ कुठला? काहींनी मुलं दुसऱ्या क्लासला घातली. घालू देत. मला शाळेत फक्त उत्तर विचारलं जायचं. या रांगा दिसल्या तेव्हा कॉलेज मागे पडलं होतं, आणि ते अजून सलतं. त्यामुळे मला हट्टी म्हण, पण बाकी लिही.

७, १७, १९, २३ यांची एकच पूर्ण फेरी होते. अशा अविभाज्य संख्या अनंत आहेत का? गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे असाव्यात, पण सिद्धता अजून कुणाकडे नाही. तू ज्या १३ वर वैतागलीस, तिथून हा प्रश्न फार लांब नाही.

आणि हो, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तेवढा माहीत. त्यांच्या नावाच्या संख्यांत १४२८५७ सुद्धा बसते: वर्ग २०४०८१२२४४९, उजवीकडचे सहा अंक तोड, २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज कर. आलं ना तेच? "कसलं भारी" म्हणून मैत्रिणींना पाठवायच्या आधी त्या वर्गाला ९९९९९९ ने भाग. भागाकार २०४०८ येईल. बाकी मी सांगणार नाही.

तुझे,
सर