अडीच वर्षांचा मुलगा ओल्या-चिकट वस्तूंना हात लावत नाही, सेन्सरी प्लेचा संच घ्यावा का?

कणीक, माती, ओली वाळू, कशालाच मुलगा हात लावत नाही, बोटाला काही लागलं की 'पूस, पूस' म्हणून रडतो, आणि म्हणून दीड हजारांचा सेन्सरी प्लेचा, म्हणजे स्पर्शाच्या खेळांचा, संच मागवावा का, असं तुम्ही विचारलंय. संच नको. आणि त्याचा हात धरून कणकेत बुडवू नका, हे त्याहून महत्त्वाचं.

मी १६ वर्षं बालवाडीत शिकवते. अशी एक-दोन मुलं दरवर्षी असतात. गणपतीच्या आधी आम्ही शाडू भिजवतो. एका वर्षी सगळी पोरं कोपरापर्यंत बरबटलेली आणि तीन वर्षांची एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी, दोन्ही मुठी फ्रॉकमागे. मी तिला आइस्क्रीमची काडी दिली आणि म्हटलं, माझ्या गोळ्याला डोळे कर. हात लांबवून तिने दोन भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी काडी अर्धी मोडून दिली. तिसऱ्या दिवशी तिने नखाने टोकरलं, बोटाचा वास घेतला, फडक्याला पुसलं आणि परत टोकरलं. तळवा टेकायला नऊ दिवस लागले. ओलं फडकं सगळे दिवस तिच्याच मांडीवर होतं. हवं तेव्हा पुसता येतं एवढी खात्री पटली की पुसायची घाई आपोआप कमी होते.

कोरडी वस्तू हात उचलला की गळून पडते. चिकट वस्तू हात काढला तरी बोटाला लागूनच राहते. मुलाला भीती वाटते ती या न सुटण्याची. म्हणून परातीत आधी रवा घ्या, त्यात बोटाने रेघा ओढू दे. चार-पाच दिवसांनी त्यात चमचाभर पाणी घाला. कणीक सगळ्यात शेवटी, तीही तेलाचा हात लावलेली, आणि कच्ची तोंडात जाणार नाही एवढं बघा. अशा बऱ्याच मुलांना हलका, निसटता स्पर्श नकोसा होतो, पण घट्ट दाब चालतो. खेळाआधी ओला नॅपकिन पिळायला द्या, उशी दाबायला द्या. माझ्या वर्गात याचा फार उपयोग होतो.

परातीत खेळायला वाटाणे, हरभरे, राजमा मात्र या वयात नकोच. आमच्याकडे एकाने वाटाणा नाकात घातला. घरच्यांनी चिमट्याने काढायला जाऊन तो आणखी आत ढकलला, ओलाव्याने तो फुगला, शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढला. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नका. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाहीत.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडी काढली, पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम कोसबाडला वाढवलं. महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? शिंपले, बिया, गोटे, पानं हीच त्यांची साधनं झाली. मीही तेच करते: कापडी पिशवीत मुठीएवढा गुळगुळीत गोटा, नारळाची शेंडी, लाकडी चमचा आणि घासणी घालते. आत हात घालून न बघता ओळखायचं. ओलं काहीच नसल्यामुळे तुमचा मुलगाही यात लगेच रमेल, असं मला वाटतं.

एक विचारते. नखं कापताना, डोक्यावरून पाणी घेताना, नवा कपडा घालतानाही तो असाच कळवळतो का? मऊ भात, केळं तोंडातून काढून टाकतो का? हाक मारल्यावर बघत नाही किंवा बोलणं मागे आहे, असं वाटतं का? यातलं काही असेल तर घरच्या प्रयोगांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं, खेळ, स्पर्श यांतल्या अडचणींवर मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जायला हवं का ते विचारा. यातलं काहीच नसेल, तर आज पोळ्या करताना त्याला शेजारी बसवा, हातात चमचा द्या आणि गोळ्याला डोळे करायला सांगा.